कुत्र्यांचा वाटा

दार उघडलं की ती आधी कुत्र्याला सलाम करायची, मग घरधन्याला.

कुत्र्याचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून हिरड्या बघायची. गुलाबी असल्या तर "हं" म्हणायची. फिक्या असल्या तर ओठ सोडून लगेच गोचीड शोधायला लागायची.

कान हुंगायची. बाजारात बायका खरबूज हुंगतात, तसे.

पंजा हातात घेऊन नखं बघायची. वाढलेली दिसली की संध्याकाळी कुत्रं कुठे झोपतं ते विचारायची.

गोचीड कधी नखाने चिरडायची नाही. चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढायची आणि पर्समधल्या स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. त्याच पर्समधून मग पेपरमिंट काढून पोरांपुढे धरायची. पोरं घ्यायची नाहीत.

कुठल्याच कुत्र्याला नावाने हाक मारायची नाही. सगळे "लेका".

हात कोपरापर्यंत धुवायची. पालेभाजी तीन पाण्यांतून काढायची.

राग आला की डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधायची. शेवटच्या वर्षी तो रुमाल दिवसातून वीस वेळा सुटत होता.

ही लल्ला शादलिया. लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. आमच्या ऐन सफ्साफ गावच्या वरच्या गल्लीत राहणारी. नवरा फॉस्फेटचे ट्रक चालवायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मूल नाही. खाली बाजारात जनावरांचा दवाखाना होता, तिथे तिने एकतीस वर्षं काढली. काम एकच, धरणे. डॉक्टर सुई टोचायचे, ती जनावर धरायची. डॉक्टरांना सुईपुरतं कुत्रं दिसायचं. तिच्या हाताखाली अख्खं कुत्रं असायचं, त्याच्या थरथरीसकट. पुढे डॉक्टर लेकीकडे राजधानीला गेले आणि दवाखान्याला कुलूप लागलं. आता महिन्यातून एका मंगळवारी सरकारी डॉक्टर लशींची पेटी घेऊन बाजारात येतात आणि दुपारच्या आत परत जातात. बाकीचे दिवस शादलियाचे. ती डॉक्टर नव्हती. तसं कधी म्हणालीही नाही. ती फक्त दारोदार जायची आणि बोलायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, ते तिला विचारावं.

आमच्याकडे गावरान म्हटलं की विषय संपतो. गावरान अंडं शहरी अंड्याच्या दुप्पट भावाने जातं. गावरान कोंबडीचा रस्सा बाळंतिणीला देतात. तेव्हा गावरान कुत्रंही लोखंडाचंच असणार. त्यात फ्रान्सहून सुट्टीवर आलेल्या कुणाच्या तरी कुत्र्याचं रक्त मिसळलेलं असलं तर मग विचारायलाच नको. पोलाद. वरच्या गल्लीत अशी एकोणीस कुत्री होती. कान गावरान तर शेपूट परदेशी, छाती परदेशी तर पाय गावरान. त्यांना लस नको, गोळी नको, काही नको. दाराशी बसून भुंकावं, शिळी भाकरी खावी आणि शंभर वर्षं जगावं, एवढीच लोकांची अपेक्षा.

एकदा कोपऱ्यावरच्या वजदीने, गाड्या दुरुस्त करणाऱ्या पोराने, आपल्या कुत्र्याला काळंकुट्ट करून ठेवलं होतं.

"हे काय फासलंयस?"

"इंजिनचं जुनं तेल, मावशी. खरूज झालीय ना. आजोबा हेच लावायचे."

"आणि तो चाटतो त्याचं काय?"

"चाटेना का. मिक्स आहे तो. त्याला काय होतंय?"

"तू चाट एक बोट. तूही मिक्सच आहेस. आई इथली, बाप बाजे गावचा."

वजदी हसला. शादलिया हसली नाही. तिने त्या कुत्र्याला भांड्याच्या साबणाने तीन वेळा धुतलं, अंगणात, एकटीने. वजदी बाजूला उभा राहून पाण्याची नळी धरत होता आणि मधूनमधून म्हणत होता की तेल तसं महागाचं होतं. आठव्या दिवशी सरकारी डॉक्टरांकडून खरजेची गोळी आणली, ती तिनेच. महिन्याने कुत्र्याला केस आले. वजदीने सगळ्यांना सांगितलं, "बघा, तेलाने गेली."

असंच सगळं. पिल्लाचे डोळे चिकटले, पाय झटके देऊ लागला की लोक तिला बोलवायचे. दोन महिन्यांचं होतं तेव्हा लस टोचायला का नाही आणलंत, असं तिने विचारलं की म्हणायचे, "तेव्हा तर ठणठणीत होतं!" उन्हाळ्यात संध्याकाळी बारीक चिलटं उठतात. ती चावून कुत्र्यांचे डोळ्यांभोवतीचे केस झडतात, नाकातून रक्त येतं, नखं वाढत जातात. दिवस मावळला की कुत्रं आत घ्या, चिलटांच्या औषधाचा पट्टा बांधा, ती घसा कोरडा होईपर्यंत सांगायची. लोक म्हणायचे, कुत्रं आत घेतलं तर राखण कोण करील? गोचीड काढून दाखवला तर म्हणायचे, गावरान रक्ताला गोचीड लागत नाही.

"गोचीड विचारून चावतो का रे, बाबा? तुझे वाडवडील कुठले म्हणून?"

घरी आल्यावर ती चहा ठेवायची आणि भिंतीशी बोलायची. "कुत्र्याच्या शेपटाला नावं ठेवतात. माणसाचं डोकं घाला म्हणावं नळीत."

*

त्या वर्षी वसंतात तिच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. आधी तिने जिऱ्याचं पाणी घेतलं. मग बसने जिल्ह्याच्या इस्पितळात गेली. पोटावर थंडगार यंत्र फिरवून तिथल्या तरुण डॉक्टरने पडदा तिच्याकडे वळवला. यकृतात एक गोल काळा डाग होता. संत्र्याएवढा.

तिला नाव सांगावं लागलं नाही. बोकडाच्या, मेंढीच्या कलेजीत तिने ते शेकडो वेळा बघितलं होतं. पाण्याचा फोड.

"कुत्री पाळता?" डॉक्टरने विचारलं.

"लोक पाळतात. मी धरते."

"ऑपरेशन करावं लागेल. लवकर."

"ईद झाल्यावर."

"तोपर्यंत पोटाला मार लागू देऊ नका. पडू नका. हे आत फुटलं तर अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. इथे पोचायला वेळ मिळत नाही."

तिने चित्राचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, स्पिरिटच्या बाटलीशेजारी. परतीच्या बसमध्ये तिने ठरवलं की हे कुणालाही सांगायचं नाही.

कारण सरळ होतं. त्याच आठवड्यात नगरपालिकेने कागद चिकटवले होते. ईदच्या पाचव्या दिवशी सकाळी बंदूकवाले येणार. ज्या कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा नाही ते बेवारस. लाल पट्टा मंगळवारच्या लशीबरोबर मिळायचा. शादलियाने एकोणीसच्या एकोणीस कुत्र्यांना खेचून बाजारात नेलं होतं, काहींच्या मालकांनाही. एकोणीस पट्टे झाले होते. आता लल्ला शादलियाच्या पोटात फोड आहे हे गल्लीला कळलं असतं तर गल्लीने एकच वाक्य म्हटलं असतं: कुत्र्यांमुळे झाला. आणि पट्टे सुटले असते.

कुत्र्यांमुळेच झाला होता. पण कुत्र्यांना तो कुणी दिला, हे वाक्य कुणी म्हटलं नसतं.

ते दरवर्षी ईदला व्हायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. वरच्या गल्लीत घरोघरी मेंढा कापायला लझर जायचा. लझर म्हणजे बाजारातला खाटीक, शादलियाच्या वयाचा, तिच्याच शाळेत शिकलेला. मेंढा सोलून झाला की तो कलेजी वर धरून उजेडात बघायचा. चांगली असली की घरातल्या बाया ती कमूनियाला, जिऱ्याच्या रश्श्याला, घ्यायच्या. फोड असले की लझर "कुत्र्यांचा वाटा!" असं ओरडून ती दारावरून बाहेर भिरकावायचा. बाहेर कुत्री वाट बघत असायची. ईदच्या मेंढ्याचं काहीही मातीत घालायचं नाही, तो देवाच्या नावाने कापलेला असतो. ज्याला जे लागू, ते त्याला. माणसाचं माणसाला, मांजराचं मांजराला, फोडांचं कुत्र्यांना. पाप कुणालाच नाही.

आदल्या वर्षी तिने मशिदीतल्या शेखना गाठलं होतं. शुक्रवारी दोन शब्द बोला म्हणाली. शेख बोलले, चांगल्या जड भाषेत. खराब अवयव वस्तीपासून दूर न्यावेत. लोकांनी शब्द पाळला. सगळ्यांनी फोडांच्या कलेज्या पिशव्यांत भरून गावाबाहेरच्या ओढ्यात टाकल्या. दोन दिवस चारी गल्ल्यांची कुत्री ओढ्यातच मुक्कामाला होती. आमच्या गल्लीला निदान आपल्याच कुत्र्यांना खायला घालायची सवय होती, त्या वर्षी अख्ख्या गावाची पंगत बसली.

म्हणून या वर्षी ती शेखकडे गेली नाही. ईदच्या चार दिवस आधी लझरच्या दुकानात गेली.

"लझर, खराब कलेजी या वर्षी माझ्या बादलीत टाकायची. बाहेर नाही."

"कुत्र्यांचा वाटा आहे तो, शादलिया."

"वाटा राहील. मी उकळून घालीन त्यांना. तासभर उकळलं की फोडातलं सगळं मरतं. वायाही जात नाही, पापही नाही."

लझरने सुरी फडक्याला पुसली. "माझी बायको मला कालचा गार मकरोना वाढते. आणि कुत्र्याला गरम कलेजी! उद्यापासून मीच येऊन बसतो तुझ्या दाराशी."

"ये. आधी तुलाच जंताची गोळी घालीन."

"चाळीस वर्षं टाकतोय मी. एक कुत्रं मेलेलं दाखव."

"कुत्रं मरत नाही हेच तर दुखणं आहे!" तिचा आवाज चढला. "फोडात वाळूसारखे कण असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्याचे किडे होतात, तांदळाच्या कणीएवढे. कुत्रं नाचतं, खातं, भुंकतं. सातव्या आठवड्यापासून त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात. गवतावर, पाल्यावर, त्याच्या केसांवर. मेंढी ते गवत खाते. तुझी नात त्या केसांत तोंड घालते."

"आणि?"

"आणि दहा वर्षांनी तिच्या पोटात फोड."

"कुणाच्या पोटात आहे गं? आपल्या गल्लीत एक नाव सांग." लझर हसत होता. "एक."

तिने रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला.

"बादली निळी आहे," ती म्हणाली. "विसरू नकोस."

दुकानाबाहेर लझरचा कुत्रा पसरला होता, बुर्गू. चाळीस किलोचा. आई इथल्या धनगराची, बाप कुण्या परदेशस्थाचा उंची मेंढपाळ जातीचा कुत्रा. बापाची छाती आली आणि बापाचे खुबेही आले. मागचे पाय चालताना लचकायचे. जाता जाता ती म्हणाली, "याला चरबी घालू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? खुबे गेलेत याचे."

"मिक्स आहे तो, लल्ला. त्याला काय होतंय?"

*

ईदच्या सकाळी ती निळी बादली घेऊन लझरच्या मागे घरोघर फिरली. बरगडीखाली टोचत होतं. डावा हात बादलीला, उजवा कोपर पोटाशी. पहिल्या घरी कलेजी चांगली निघाली. दुसऱ्या घरी फोड होते, लझरने ती बादलीत टाकली आणि कुत्र्यांकडे बघून खांदे उडवले. "मालकीणबाई स्वयंपाक करणार आहेत तुमचा. थांबा जरा." सगळे हसले. तिसऱ्या घरीही बादलीत पडली. शादलियाला वाटलं, होतंय.

चौथं घर रबीहाचं, तिच्या भिंतीला भिंत लागून. मेंढा दांडगा होता. रबीहाने आठवडाभर त्याला सगळ्या गल्लीला दाखवलं होतं. लझरने कलेजी उजेडात धरली आणि ती द्राक्षाच्या घडासारखी दिसली, फोडच फोड.

"अरे देवा," रबीहा म्हणाली. "जिरं कुटून ठेवलंय मी. पाहुणे येतायत."

लझरला तिची कीव आली असावी. किंवा घाई असावी, पुढे अजून सात घरं होती. हात चाळीस वर्षांच्या सवयीने फिरला. "कुत्र्यांचा वाटा!" कलेजी शादलियाच्या डोक्यावरून, बादलीवरून, दारावरून बाहेर गेली. बुर्गूने ती हवेतच झेलली. दोन घासांत संपली.

शादलियाने बादली खाली आपटली.

"मी इथे उभी आहे, लझर. तुझ्या हाताशी. बादली तुझ्या नाकाखाली आहे."

"अगं, चुकून गेलं."

"चुकून नाही जात. चाळीस वर्षं चुकून नाही जात!"

"सणाच्या दिवशी कशाला ओरडतेस माझ्या दारात?" रबीहा मध्ये पडली. "कुत्र्याने कलेजी खाल्ली. कुत्रं आहे ते. तुझं काय गेलं?"

"माझं काय गेलं?" शादलियाने पर्स उघडली. स्पिरिटची बाटली खाली पडली, फुटली नाही. तिने घडीचा कागद काढला आणि रबीहाच्या डोळ्यांसमोर धरला. "हे बघ. हे माझं आहे. संत्र्याएवढं. एक नाव हवं होतं ना, लझर? घे. शादलिया बिंत अलाला, वरची गल्ली."

अंगणातले सगळे कागद बघायला पुढे सरकले. लझरने सुरी थाळ्यात ठेवली.

शादलियाला आशा वाटली. आता कळलं असेल, असं वाटलं. डोळ्यांनी बघितलं, आता पटलं असेल.

"या कुत्र्यांमुळे?" रबीहाने हळूच विचारलं.

"आपण त्यांना जे घालतो त्यामुळे."

"पण कुत्र्यांमुळे."

"रबीहा, त्याला आपण…"

"एकतीस वर्षं धरलंस त्यांना. आणि आम्हाला सांगत होतीस, लस टोचा, गोळी द्या, काही होत नाही. माझी नात रोज त्या पिल्लाला कुशीत घेते गं!" रबीहा रडायला लागली. खरंच रडत होती, शादलियासाठीही रडत होती. "यांना घालवा इथून. सगळ्यांना घालवा."

हात दाखवून अवलक्षण, ते असं.

दुपारी पाहुणे आले. प्रत्येक घरी मांसाबरोबर ती बातमी वाढली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शादलियाने दार उघडलं तर गल्लीत लाल पट्टे पडले होते. काही सोडलेले, काही कात्रीने कापलेले. एक रबीहाच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावर होता. पट्टा असला की कुत्रं तुमचं. पट्टा नसला की ते नगरपालिकेचं. भांडण नाही, मारहाण नाही, कुणी दगडसुद्धा मारला नव्हता. फक्त पट्टे काढले होते. कुत्री नेहमीसारखी आपापल्या दाराशी बसली होती, कुणी भाकरी टाकतं का बघत.

तिने पट्टे वेचले. मग वजदीच्या दारात गेली.

"खरजेतून काढला होता त्याला. महिना गेला होता."

"माहीत आहे, मावशी. पण बायको गरोदर आहे."

"गोळी आहे. आज दिली की किडे मरतात. आत्ता पोटात असेल ती नुसती पिलावळ, अंडी नाहीत अजून. दर सहा आठवड्यांनी एक गोळी, आणि कच्ची कलेजी बंद. एवढंच. हात धुवायचे. एवढंच रे."

"एवढंच म्हणता आणि तुमच्याच पोटात…"

तिने त्याच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधला, त्यातून दोरी ओवली आणि म्हणाली, "मग माझा झाला हा."

ती सगळ्या दारांत गेली. कुणी अडवलं नाही. कुणी दोरी दिली, कुणी मान खाली घातली. लझर घरात होता आणि बाहेर आला नाही. त्याची बायको म्हणाली, बुर्गूला काल रात्रीच रस्त्यावर नेऊन सोडलाय. बुर्गू कोपऱ्यावरच्या पाणवठ्याशी बसला होता, लचकत उठला आणि तिच्याबरोबर आला. संध्याकाळपर्यंत तिच्या अंगणात सतरा कुत्री बांधली होती. दोन सापडली नाहीत.

तिसऱ्या दिवशी तिने गोळ्या दिल्या. चीजच्या त्रिकोणी तुकड्यात दाबून एकेक. ज्याने तुकडा खाऊन गोळी थुंकली त्याचा जबडा उघडून जिभेच्या मुळाशी. एकतीस वर्षांचं कसब होतं, एकही बोट चावलं गेलं नाही. रबीहा भिंतीवरून बघत होती.

"ऑपरेशन कधी आहे?"

"येत्या सोमवारी."

"तोवर झोपून राहा ना, अगं. कशाला हे?"

"गोळीनंतर तीन दिवस त्यांची घाण जमिनीवर राहता कामा नये. एखादा जुना किडा असला आणि त्याच्याबरोबर काही अंडी पडली तर ती मरत नाहीत गोळीने. वेचायची, जाळायची, जागेवर चुना टाकायचा. तीन दिवस. मग घेऊन जा आपापली. तुमच्या मुसळाइतकी स्वच्छ असतील."

"मला नको," रबीहा म्हणाली. पण भिंतीवरून खाली उतरली नाही.

चौथ्या दिवशी शादलियाने सगळं अंगण झाडलं. हातमोजे घालून, नाकातोंडाला फडकं बांधून. जुन्या पत्र्याच्या डब्यात जाळ केला. हात मोकळे राहावेत म्हणून एका वेळी एक कुत्रं कमरेला बांधून घ्यायची आणि त्याच्या जागेवरचं साफ करायची. हे दवाखान्यातलं कसब नव्हतं. दवाखान्यात दुसरा हात डॉक्टरांचा असायचा.

*

पाचव्या दिवशी उजाडताना जीप आली. ओढ्याकडून दोन आवाज झाले. शादलिया अंगणात उभी होती, तिने दोन बोटं दुमडली.

जीप गल्लीत शिरली. एकाही दाराशी कुत्रं नव्हतं. दोघे बंदूकवाले तिच्या फाटकाशी थांबले. आतून सतरा तोंडं भुंकत होती.

"ही सगळी कुणाची, लल्ला?"

"माझी."

"सतराच्या सतरा?"

"विधवा आहे मी. घर मोठं आहे. पट्टे मोजून घ्या हवं तर."

मोठा बंदूकवाला फाटकावरून वाकला आणि त्याने खरंच मोजले. कापलेल्या पट्ट्यांना तिने दाभणाने टाके घातले होते, ते त्याला दिसले. तो जीपकडे वळला. जीप मागे घेताना भिंतीला घासली आणि गेली.

ती पायरीवर बसली. रुमाल सोडला आणि तसाच मांडीवर ठेवला. घटकाभराने उठून तिने डबा पेटवला आणि दुसऱ्या दिवसाचं काम सुरू केलं.

अकराच्या सुमाराला लझर आला. फाटकाबाहेर उभा राहिला. हातात काही नव्हतं, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"शादलिया."

तिने मान वर केली. त्या वेळी तिच्या कमरेला बुर्गूची दोरी होती.

"तुझ्याकडे मोठं पातेलं आहे का?" लझर म्हणाला. "दुकानात बसवतो म्हणतो. मागच्या अंगणात. खराब कलेज्या उकळायला. पुढच्या…"

त्याचा आवाज बुर्गूने ओळखला. चार दिवसांत पहिल्यांदा ऐकला होता. खुबे गेलेला तो चाळीस किलोचा कुत्रा मालकाकडे झेपावला. दोरी ताणली. शादलिया दोन पावलं फरफटली आणि पायरीच्या दगडावर उजव्या कुशीवर पडली.

लझर फाटकावरून उडी मारून आत आला. ती तोवर उठून बसली होती.

"लागलं?"

"काही नाही. दोरी सोड आधी. आणि त्याला आजच नेऊ नकोस. तीन दिवस व्हायचेत. उद्या संध्याकाळी ने."

"बरं. उद्या."

"चरबी घालायची नाही."

"नाही घालत."

"रोज सकाळी सावकाश चालवायचं. जिन्यावरून उड्या…" ती थांबली. हाताची उलटी बाजू खाजवली. मग मान. लझरने पाहिलं, तिच्या मानेवर लाल गांधी उठत होत्या, एकीत एक मिसळत. तिलाही ते कळलं. तिने लझरकडे बघितलं आणि म्हणाली, "गाडी आण. पळ."

लझरने आपली मांस वाहायची छोटी गाडी आणली. भिंतीपलीकडून धावत आलेली रबीहा मागे तिला धरून बसली, सगळ्या रस्त्याने धरून होती. इस्पितळ बत्तीस किलोमीटर. बाजेच्या फाट्याच्या अलीकडे शादलियाने श्वास घ्यायचा थांबवला. लझर तसाच चालवत राहिला. रबीहाने त्याला सांगितलं नाही.

दुपारी वजदीने फाटक उघडलं तेव्हा सतरा कुत्री बांधलेली होती आणि त्यांना कुणी पाणी दिलं नव्हतं. डब्यातला जाळ विझला होता. ओट्याकडचं अर्धं अंगण झाडून झालं होतं, तिथे चुन्याचे पांढरे ठिपके होते. फावडं मध्यावर आडवं पडलं होतं. हातमोजे त्याच्याशेजारी, बोटं आत दुमडलेली. फाटकाकडच्या अर्ध्यात दुसऱ्या दिवसाचं सगळं तसंच पडून होतं, आणि तिसरा दिवस अजून यायचा होता.